मदत हवी आहे: डबा नाशिकमध्ये, जाहिरात नाशिकची, फोन मात्र सुरतहून

वरणभात_नाशिक

नमस्कार. अगदी वैतागून लिहिते आहे. दीड महिन्यात जाहिरातीवर १८,००० रुपये गेले आणि नवीन डबे लागले ४. फोन आले ६१. प्रत्येक फोन मी वहीत टिपलाय. सुरत, इंदूर, बोरिवली, ठाणे. "त्र्यंबकेश्वरला जेवणाची सोय होते का?" "आम्ही १५ जण येतोय, राहायला खोली मिळेल का?" दोघांनी तर कामाला माणूस हवा का, म्हणून विचारलं. जाहिरातीचं काम ज्या मुलाला दिलंय तो म्हणतो, टार्गेटिंग नाशिकच ठेवलंय. आता तो माझ्या सगळ्या ग्राहकांचे मोबाईल नंबर मागतोय. ते अपलोड केले की बरोबर माणसं मिळतील म्हणे. नंबर देऊ का? आणि नाशिक टाकूनही जाहिरात बाहेर कशी जाते? उद्या सकाळी तो पुढचे ५,००० मागायला येणार आहे, त्याच्या आत कोणीतरी सांगा.

सिडकोकर

ताई, जाहिरात आहे कुठे? गूगल, फेसबुक की इन्स्टा? डबा कुठल्या भागात पोचवता? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

अण्णा_पंचवटी

मी २२ वर्षं छपाईच्या धंद्यात आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. हजार पत्रकं छापा, पहाटे पेपरवाल्याला गाठा आणि गंगापूर रोड, थत्ते नगर, पंडित कॉलनी एवढंच टाकायला सांगा. पत्रक सुरतला जात नाही. आणि ते वाचणाऱ्याचं नाव, वय, आजार कोणी टिपून ठेवत नाही.

सिडकोकर

अण्णा, पण भाड्याने राहणाऱ्या मुलांकडे पेपर येतो कुठे? डबा तर त्यांनाच लागतो.

अण्णा_पंचवटी

ज्यांच्या घरी पेपर येतो त्या घरातल्या आजी-आजोबांनाही डबा लागतो. मुलं पुण्याला, अमेरिकेला. आमच्याच गल्लीत अशी सहा घरं आहेत.

वरणभात_नाशिक

गूगलवर आहे. अशोकस्तंभापासून आनंदवल्लीपर्यंत देतो, मी आणि माझी जाऊ मिळून. साधा डबा आणि पथ्याचा डबा. पत्रकाचं बघते अण्णा, पण आधी हे १८,००० कशात गेले ते कळू दे.

जाहिरातीतला_माणूस

कळलं. मी सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या जाहिराती सांभाळतो, हा घोळ दर महिन्याला बघतो. गूगलच्या जाहिरातीत 'नाशिक' निवडलं की खाली लोकेशन ऑप्शन्स म्हणून एक घडी मिटलेली असते. ती उघडा. आपण हात लावला नाही तर तिथे 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट' असतं. म्हणजे नाशिकमध्ये असलेले लोक, आणि त्यांच्या जोडीला नाशिकबद्दल रस दाखवणारे, मग ते कुठेही बसलेले असोत. दुसऱ्या गावी हे चालून जातं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वर, रामकुंड, वणी, शिर्डीची वाट, त्यात २०२७ चा सिंहस्थ जवळ आलेला. निम्मा देश नाशिक शोधतोय. त्यांच्या क्लिकचे पैसे तुम्ही भरताय.

तिथे फक्त 'प्रेझेन्स' करा. शहराचं नाव काढून नकाशावर चार-पाच किलोमीटरचं वर्तुळ टाका. कॅम्पेन स्मार्ट प्रकारचं, म्हणजे बरंचसं गूगलच ठरवतं तसं, असेल तर हवी ती सेटिंग्ज मिळत नाहीत, त्याला एक्स्पर्ट मोडमध्ये सर्च कॅम्पेन करायला लावा. आणि सर्च टर्म्सचा रिपोर्ट मागा. लोकांनी नेमके कुठले शब्द टाइप केले आणि तुमची जाहिरात दिसली, ते त्यात कळतं. त्र्यंबकेश्वर, धर्मशाळा, भक्तनिवास, नोकरी हे शब्द निगेटिव्हमध्ये टाका, म्हणजे ते शोधणाऱ्याला तुमची जाहिरात दिसणार नाही.

अकाऊंट कोणाच्या ईमेलवर आहे?

टेक_निशांत

आता यात कशाला पडताय? गूगल थर्ड पार्टी कुकीज, म्हणजे एका साइटवरून दुसऱ्या साइटवर आपला माग ठेवणाऱ्या खुणा, बंद करणार आहे, मग टार्गेटिंगच संपेल.

मेघना_इंदिरानगर

निशांत, ही जुनी बातमी. जानेवारी २०२० मध्ये गूगल म्हणालं, दोन वर्षांत क्रोममधून काढतो. मग पुढे ढकलत ढकलत जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडला. कुकीज चालतील का, असा वेगळा प्रश्न वापरणाऱ्याला विचारणार होते, तेही एप्रिल २०२५ मध्ये रद्द केलं आणि ऑक्टोबरमध्ये प्रायव्हसी सँडबॉक्समधली, म्हणजे कुकीजच्या जागी आणायची, बहुतेक तंत्रं गुंडाळली. जाहिरातींवरच त्यांचं पोट आहे: गूगलच्या मूळ कंपनीचं, अल्फाबेटचं, २०२४ चं उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर, त्यातले सुमारे २६५ अब्ज जाहिरातींचे. शिवाय ताईंची जाहिरात सर्चवर आहे. ती लोकांनी टाइप केलेल्या शब्दांवर चालते, तिथे कुकीचा संबंध फार थोडा.

आता ताई, तुमच्यासाठी. नंबर देऊ नका. त्याआधी एक सांगा, त्या वहीत नंबराशेजारी अजून काय काय लिहिलेलं असतं?

वरणभात_नाशिक

नाव, नंबर, मजला आणि जेवणाचं. आज सकाळचंच पान बघून लिहिते: "साखर नाही, भात अर्धी वाटी." "मीठ कमी, लोणचं-पापड नको." "डायलिसिस, मंगळ-शुक्र. पालेभाजी उकळून पाणी टाकून द्यायचं, टोमॅटो नाही." असे पथ्याचे डबे २३ आहेत. त्या मुलाला मी सगळी यादी व्हॉट्सअॅपवर पाठवणारच होते.

मेघना_इंदिरानगर

थांबा ताई. तो २३ जणांचा आजार आहे. त्यांनी तुम्हाला सांगितला तो स्वयंपाकासाठी.

जाहिरातीतला_माणूस

उगाच घाबरवू नका हो. नंबर तसेच्या तसे जात नाहीत. एसएचए-२५६ ने हॅश होऊन, म्हणजे न वाचता येणाऱ्या सांकेतिक अक्षरांत बदलून जातात, गूगलच्या खात्यांशी जुळवून झाले की फाइल काढून टाकतो असं गूगलचं म्हणणं आहे. आणि आजारावरून लोकांना गाठायला त्यांच्याच धोरणात मनाई आहे. लहान धंद्याला मोठ्या दुकानांच्या शेजारी उभं राहायला हीच तर एक सोय मिळाली. माझ्याकडे एक कुरडया-पापडवाल्या मावशी आहेत, जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीवर त्यांचा उन्हाळा निघाला.

मेघना_इंदिरानगर

मावशींचं चांगलं झालं याचा मलाही आनंद आहे. पण हॅशचं ऐका. आपले मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. एकूण शक्यता ४०० कोटी. साध्या संगणकावर सगळ्यांचे हॅश काढून ठेवता येतात, मग हॅशवरून नंबर ओळखता येतो. आणि नंबर कोणाला दिसला नाही तरी जुळणी होतेच ना? 'पथ्याचे डबे' अशा नावाची यादी चढवली की जुळलेला प्रत्येक माणूस त्या नावाखाली जमा होतो. धोरणात मनाई आहे हे तुम्हीच म्हणालात, मग ही यादी चढवायची कशी?

शिवाय कायदा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतायत, पण दिशा स्पष्ट आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला वापरायची. १८ वर्षांखालच्यांवर लक्ष्य धरून जाहिरात करायला तर बंदीच घातली आहे.

जाहिरातीतला_माणूस

पथ्याची यादी नको, मान्य. तो मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता. साध्या डब्याच्या ग्राहकांना विचारून घेतलं तर मात्र काही वावगं नाही.

गोदाकाठ

गूगलवरून आठवलं. विशाखापट्टणमला एआयसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर घालणार आहेत, ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं. नाशिकला का नाही? जमीन आहे, हवा आहे, समृद्धी महामार्ग आहे.

निफाडकर

आणि पाणी? डेटा सेंटर थंड ठेवायला पाणी लागतं. गंगापूर धरणातून शहर, शेती, कारखाने आणि शिवाय खाली जायकवाडीला सोडायचं. दर दुष्काळात त्यावरून भांडणं होतात. आमची द्राक्षबाग टँकरवर जगलेली आहे, २०१६ साली.

गोदाकाठ

समुद्राचं पाणी वापरता येतं की.

निफाडकर

नाशिकला समुद्र कुठून आणणार?

सुलभा_ना_रो

सर्वांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. आपल्या फोनवर जाहिराती मागे लागत असतील तर गूगलच्या माय अॅड सेंटरमध्ये जाऊन पर्सनलाइज्ड अॅड्स बंद करा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अॅड आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, डिलीट करता येतो. जाहिराती कमी होत नाहीत, फक्त आपल्या मागावर राहत नाहीत. मिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा महिनाभर घरातल्या तिन्ही फोनवर वॉकर आणि कमोडच्या खुर्च्याच. ते चिडून फोन उलटा ठेवायचे.

वरणभात_नाशिक

सुलभाताई, धन्यवाद, पण माझा प्रश्न जाहिरात करण्याचा आहे. मेघनाताई, नंबर नाही देत. पण मग आजारी माणसाच्या घरच्यांपर्यंत मी पोचू कशी? त्यांनाच माझी खरी गरज आहे. परवा एक मुलगा दारात रडला, आईला काय द्यायचं तेच कळत नव्हतं त्याला.

मेघना_इंदिरानगर

तो मुलगा स्वतःच शोधणार आहे. 'पथ्याचा डबा गंगापूर रोड' असं कोणी टाइप केलं की त्याला काय हवंय आणि कुठे हवंय, दोन्ही त्याने आपणहून सांगितलं. तो कोण, त्याच्या आईला काय झालंय, हे तुम्हाला आधी माहीत असायची गरजच नाही. गूगलची शब्दांवरची जाहिरात २००० साली सुरू झाली ती याच तत्त्वावर. तुमच्या धंद्याला तेवढी पुरते.

पुढचं मात्र अवघड होणार आहे. आता लोक एआयला सगळं सविस्तर सांगतात, "आईचं डायलिसिस चालू आहे, पोटॅशियम कमी लागतं, काय करू?" एआयच्या उत्तरांतही गूगल जाहिराती आणतंय. फेसबुकवाल्या मेटाने तर १६ डिसेंबर २०२५ पासून त्यांच्या एआयशी झालेल्या गप्पा जाहिराती ठरवायला वापरायचं जाहीर केलं. धर्म, आरोग्य, राजकारण वगळतो म्हणतात. पण एका वाक्यातून आरोग्य तेवढं बाजूला कसं काढणार, हे मला अजून पटलेलं नाही.

अण्णा_पंचवटी

आणि डायलिसिस सेंटरच्या डॉक्टरांना भेटून या. आहारतज्ज्ञ असतात तिथे. एक डबा दाखवायला न्या.

वरणभात_नाशिक

नऊ दिवसांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

मुलाला शेजारी बसवून सेटिंग उघडायला लावलं. 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट'च होतं. त्याने ती घडी कधी उघडलीच नव्हती. रिपोर्टमध्ये सगळ्यात वर 'त्र्यंबकेश्वर भोजन व्यवस्था', त्याखाली 'नाशिक में रुकने की जगह'. आता अशोकस्तंभ आणि आनंदवल्लीच्या मधोमध चार किलोमीटरचं वर्तुळ आहे. ११ फोन आले, त्यातले १० नाशिकचे. ५ डबे लागले, दोन पथ्याचे. नंबर दिले नाहीत. वहीतली पथ्याची पानं जावेने वेगळी काढून दुसऱ्या वहीत शिवली.

अण्णा, डबा घेऊन गेले होते. तिथल्या बाईंनी आमटी चाखली आणि मीठ अजून कमी करायला सांगितलं.

अकाऊंट त्या मुलाच्या ईमेलवर होतं. आता अॅडमिन मीही आहे.

जाहिरातीतला_माणूस

छान झालं. अॅडमिन झालात, पण कार्ड आणि बिल कोणाच्या नावावर आहे? जुनी बिलं उतरवून घ्या. १८,००० पैकी गूगलला किती गेले आणि त्याची फी किती, ते त्यात दिसेल.

वरणभात_नाशिक

बिलं त्याच्याच नावावर आहेत. उद्या डबे गेले की त्याला बोलावते.