गळालेले मणी कुणाचे? (लेवीय १९ आणि आमची एक्स्पोर्टची बाग)

शरणपूरचा_धाकटा
नमस्कार मंडळी. घर नाशिकच्या शरणपूरला, आजोबांनी घेतलेली अडीच एकर द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. भाऊ आणि मी मिळून बघतो. रविवारी मी संडे स्कूल घेतो. परवा बायबलमधला लेवीय १९ होता: मळ्यातली सगळी फळं खुडू नका, गळालेली वेचू नका, गरीब आणि परक्यासाठी राहू द्या. एक चिमुरडी म्हणाली, "काका, तुमच्या बागेत खाली काय पडतं?"

मी गप्प. कारण खाली पडतात ते विरळणीचे, म्हणजे घड मोकळा करायला काढलेले हिरवे आंबट मणी, फवारणी झालेले. शेळीलाही घालत नाही आम्ही. खुड्याच्या वेळी क्रेटच्या तळाशी सुटे मणी राहतात, पण त्यांचेही पैसे होतात, बेदाणेवाला नेतो. गरिबाला ठेवावं असं काही उरतच नाही.

त्यात भावाला कर्ज काढून आणखी दोन एकर लावायचंय आणि तिसरी बोअर घ्यायचीय. पहिल्या दोन ४५० आणि ६०० फुटांच्या, त्यातली एक मार्चमध्ये गुळणी टाकते. मी त्याला लूक १२ ऐकवला, जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेला तो मूर्ख श्रीमंत. भाऊ म्हणाला, "त्याला हप्ते नव्हते."

वाढ म्हणजे हाव असं सरसकट म्हणता येईल का? आणि मळ्यात राहू द्यायचं म्हणजे आज नेमकं काय?

नाशिकरोडची_मावशी
आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडचं सांगते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात लिहिलंय की मजुरी इतकी हवी की काटकसरी माणसाचं त्यात भागावं. गरजेपोटी तो कमीवर कबूल झाला, तरी तो अन्यायच. म्हणजे "ठरलं होतं ना?" म्हणून मालकाला सुटता येत नाही. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या परिपत्रकात पिण्याचं पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क म्हटलाय. तिसऱ्या बोअरआधी खालच्या वस्तीची विहीर कधी आटते ते विचारा. वाढीला कुणाची ना नाही, ती कुणाच्या हंड्यातून होते ते बघायचं.

माळकरी_निफाड
मी ख्रिस्ती नाही, पण बागेचं बोलतो. तुमच्या शास्त्रात सातव्या वर्षी छाटणीही करू नका असं आहे म्हणे. एप्रिलची खरड छाटणी चुकली तर काडी तयार होत नाही, पुढचा हंगाम गेलाच समजा. तरी त्यात तथ्य आहे. जुनी बाग काढली की आपण दुसऱ्या महिन्यात नवी रोपं टोचतो. तिथे एक वर्ष ताग, धैंचा असं हिरवळीचं खत गाडा, जमीन श्वास घेईल. भावाला वेडा म्हणू नका मात्र. औषधं, मजुरी, पेटी सगळंच वाढलंय, अडीच एकरात दोन घरं ओढणं सोपं नाही.

सुरगाण्याची_लेक
माझी आई विरळणीच्या टोळीत यायची. मणी नकोत कुणाला, दादा. डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवताना, हातमोजे द्या आणि दुपारी पाऊस आला तर अर्ध्या रोजावर घरी पाठवू नका. मत्तय २० मधला द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आमच्या चर्चमध्येही वाचतात. तिथे मालक स्वतः पाच वेळा नाक्यावर जातो. पैसे कारभारी वाटतो, पण किती ते मालक ठरवतो, आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण रोज मिळतो. आमच्याकडे मालकाचं तोंड दिसायचं नाही, सगळं मुकादमाच्या हातात. आगाऊ घेतलेली उचल किती फिटली हे आईला कधी कळलंच नाही.

शरणपूरचा_धाकटा
ताई, वही काढली. विरळणीत अवकाळी आला होता त्या दिवशी १४ बायका, प्रत्येकीपुढे "अर्धा". अक्षर माझंच. आमच्या शरणपुरात कधीकाळी गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहिली, शिकली. त्यांच्यातले काही आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या सफरीत होते. परक्याला थारा देणारं गाव म्हणून मी हे पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगतो. सुरगाणा तर आपलाच जिल्हा.

उरलेला अर्धा रोज याच आठवड्यात देतो, मुकादमाला मध्ये न घेता. माळकरी काका, तागाचं डोक्यात राहिलं, वरच्या तुकड्यातली जुनी बाग तशीही काढायचीच आहे. खालच्या वस्तीची विहीर भावाला दाखवायचीय, पण तो सध्या पाणाड्याला घेऊन तळहातावर नारळ धरून बांधाबांधाने फिरतोय.