आईसाठी व्हीलचेअर घ्यावी की बॅटरीवरची स्कूटर? (नेरूळ)

सर्वांना नमस्कार. माझी आई ७८ वर्षांची असून आम्ही नेरूळमध्ये एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे आणि दोन वर्षांपूर्वी आलेल्या अर्धांगवायूच्या सौम्य झटक्यानंतर डाव्या हाताची पकड कमी झाली आहे. घरात ती चार पायांची काठी टेकत फिरते, बाहेर मात्र पन्नासेक पावलांतच तिला थांबावे लागते. आजारपणापूर्वी ती रोज संध्याकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबई या तलावाकाठच्या उद्यानाला एक फेरी मारून मैत्रिणींसोबत बसत असे. तिथे पुन्हा जाता यावे, आणि तेही कोणी ढकलत नेल्याशिवाय, एवढीच तिची इच्छा आहे.

दुकानात आम्ही प्रथम साधी, मागे २४ इंची चाके असलेली खुर्ची पाहिली. आईने उजव्या हाताने चाक पुढे लोटले, पण डावा हात साथ देईना, त्यामुळे खुर्ची सारखी डावीकडेच वळत राहिली. दोन-तीन वेळा प्रयत्न करून तिने हात मांडीवर ठेवले आणि ती गप्प बसली. तेव्हापासून हाताने चालवायच्या खुर्चीचा विचार मी सोडून दिला आहे.

विक्रेत्याने त्यानंतर चालायला त्रास होणाऱ्यांसाठीच्या, बॅटरीवर हळू चालणाऱ्या स्कूटरचा आग्रह धरला. आईला ती आवडलीही, कारण ती आजारी माणसाचे वाहन वाटत नाही. परंतु स्कूटरचे हँडल दोन्ही हातांनी सांभाळावे लागते, वळायला तिला जागा बरीच लागते, आणि तीन चाकांची स्कूटर उतारावर वळताना कलंडण्याची भीती अधिक असते. त्याला आईचा डावा हात दाखवूनही त्याने यातले काही सांगितले नाही, याचे मला फार वाईट वाटले.

म्हणून आता उजव्या हाताच्या जॉयस्टिकवर चालणाऱ्या बॅटरीच्या व्हीलचेअरकडे माझा कल आहे. अडचण आहे ती प्रवेशद्वारासमोरील तीन पायऱ्यांची. प्रत्येकी सहा इंच धरल्यास एकूण चढ १८ इंचांचा होतो आणि एकास बारा हे प्रमाण (एक इंच चढाला बारा इंच लांबी) पाळायचे तर रॅम्प १८ फूट लांब हवा. सोसायटीने परवानगी दिली आहे, पण सरळ जागा जेमतेम दहा फूट आहे. मध्ये सपाट टप्पा देऊन रॅम्प वळवता येईल, असे गवंड्याचे म्हणणे आहे.

अशी खुर्ची घरी वापरणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगावेत. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर पुढची लहान चाके अडकतात का? लिथियम बॅटरीची खुर्ची हलकी असते हे खरे, पण पावसाळ्यातील ओलाव्यात जॉयस्टिक आणि जोडण्या टिकतात का, आणि बिघाड झाल्यास ठाणे-नवी मुंबईत घरी येऊन दुरुस्ती करून देणारे कोणी भेटते का? हात टेकायची बाजू काढता येणारी खुर्ची घ्यावी, म्हणजे पलंगावरून सरकून बसता येते, असे आमच्या फिजिओथेरपिस्टनी सुचवले आहे. तशी खुर्ची वापरणाऱ्यांचे मत मला विशेष हवे आहे.

शक्य असल्यास आपल्या खुर्चीची बाहेरून बाहेरची रुंदी टेपने मोजून कळवावी. विक्रेते केवळ बैठकीची रुंदी सांगतात, आणि आमच्या न्हाणीघराचा दरवाजा २४ इंचांचाच आहे.