ड्रोन असताना स्मार्ट तोफगोळे कशाला?
ड्रोन आल्यावर रणगाडाभेदी तोफगोळ्यांवर पैसा घालू नये, हे काहींचं मत मला अजिबात पटत नाही. जर्मनीचा स्मार्ट १५५ बघा. एका १५५ मिमी गोळ्यात दोन उपगोळे. पॅराशूटवर गरगरत उतरताना ते रडार आणि इन्फ्रारेड सेन्सरने खालची जमीन धुंडाळतात. रणगाडा सापडला की स्फोटाने टँटलम या जड धातूच्या तबकडीचा भेदक गोळा होतो आणि तो वरून, चिलखत पातळ असतं तिथेच घुसतो. आपल्याकडच्या क्रास्नोपोल या रशियन लेझर-मार्गदर्शित तोफगोळ्यासाठी कुणालातरी लक्ष्य दिसेल इतक्या जवळून त्यावर लेझर धरून ठेवावा लागतो, इथे ती जोखीमच नाही. शिवाय ड्रोनला जॅमिंग (सिग्नल अडवणं) आणि वादळी वारा नडतो. महाग आहेत, मान्य. पण अमेरिकेने सॅडार्म हा असाच तोफगोळा २००३ मध्ये इराकमध्ये वापरला, तरी तो प्रकल्प गुंडाळला, ती चूकच होती.