लायब्ररीतलं प्रदर्शन आणि आपले फोटो

नमस्कार मंडळी,
आपल्या लायब्ररीत स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय संस्थेचं 'द वे वी वर्क्ड' हे कामाच्या इतिहासावरचं प्रदर्शन लागलंय, नॅशनल आर्काइव्हजमधल्या (सरकारी दफ्तरखान्यातल्या) फोटोंवरून केलेलं. मूळ प्रदर्शनात १८५७ ते १९८७ पर्यंतचे फोटो होते. गिरण्या, खाणी, शेतं, ऑफिसं, सगळं आहे. मुलांना घेऊन जा आणि बालमजुरांच्या फोटोंपाशी थांबाच. ते काढणारा लुईस हाइन मूळचा शिक्षक, १९०८ पासून बालमजुरीविरोधी समितीसाठी देशभर हिंडला, कारखान्यात कोणी आत सोडेना तेव्हा कधी बायबल विकणारा तर कधी पोस्टकार्डवाला बनून शिरायचा आणि पोरांची नावं, वयं गुपचूप टिपून घ्यायचा. १९१६ ला कायदा झाला तो सुप्रीम कोर्टाने १९१८ ला रद्द केला, मग थेट १९३८ ला नवा कायदा आला! त्याच कायद्याने तासाला २५ सेंट किमान वेतन आणि ओव्हरटाइम आला, आज आपली मुलं समर जॉब करतात त्यामागे एवढं सगळं आहे.
हे प्रदर्शन जिथे जातं तिथली मंडळी आपल्या गावच्या कामाची माहिती त्याला जोडतात. लायब्ररीने आपल्या इथल्या मराठी मंडळींनाही विचारलंय. काय देऊया?

---

ताई, मस्तच. मला वाटतं आयटीचं देऊ, वाय टू केच्या वेळी (२००० साल लागताना कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करायला) केवढे लोक भारतातून आले, जुने बॅज, ऑफिसचे ग्रुप फोटो सगळ्यांकडे असतील.

---

दादा, आयटी घ्याच पण तेवढ्यावर थांबू नका ना. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर भारतातून डॉक्टर, इंजिनिअर आले हे सगळे सांगतात, बायकांचं काय? एमएस्सी झालेल्या कितीजणी दुकानात कॅश रजिस्टरवर उभ्या राहिल्या, नाइट शिफ्टला लॅबमध्ये गेल्या. आणि एच-फोरवाल्यांना (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर आलेल्या बायकांना) तर कामाची परवानगीच नव्हती, २०१५ पासून काहीजणींना मिळाली. ती घरात काढलेली वर्षंसुद्धा कामाच्या इतिहासात यायला हवीत, मला हे फार मनापासून वाटतं.

---

काकूंशी १००% सहमत. अजून एक, ६५ च्या आधीचंही घ्या. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगनमध्ये शेतकी शिकले, तेव्हा तिथल्या लाकूड गिरण्यांत पंजाबी मजूर राबत होते आणि १९१३ ला इंग्रजांविरुद्धची गदर चळवळ उभी राहिली ती त्यांच्याच जोरावर. खानखोजे पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायचे, मक्यावर काम केलं, तिथला चित्रकार दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय. एक पॅनेल मी लिहितो.

---

काका, लिहाच, एका पानात बसवा प्लीज. काकू, तुमचं म्हणणं पटलं, बायकांचं पॅनेल पहिलं लावू आणि आयटी त्याच्यानंतर, दादा चालेल ना? शनिवारी शाळेत स्कॅनर घेऊन येते, मूळ फोटो लगेच परत मिळेल. सोबत चिठ्ठीवर साल, गाव, काम काय होतं आणि आठवत असेल तर पगार एवढं लिहून आणा, फोटो नसेल तर नुसती आठवण लिहून दिलीत तरी घेऊ.