कन्सोल केबल बॅगेतून काढू नका

नेटवर्क स्विचवर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करायची सोय) चालू असलं की कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी केबल) लागत नाही, असं म्हणतात; रोजच्या कामापुरतं ते पटतं. टेलनेट, म्हणजे दुरून लॉगिन करायची जुनी पद्धत, तर बंदच ठेवा, त्यात पासवर्ड उघडा जातो. पण गेल्या मे महिन्यात जळगावात बसून चोपड्याच्या एका जिनिंगमधल्या स्विचचा मॅनेजमेंट व्हीलॅन (ज्या आभासी नेटवर्कवरून स्विचमध्ये लॉगिन करतो ते) बदलला आणि एंटर दाबताच सेशन गोठलं. भर उन्हात तिथे जाऊन निळी केबल कन्सोल पोर्टला लावली, पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये ९६०० स्पीड दिला, तेव्हा कुठे स्विचचा प्रॉम्प्ट दिसला.

आता सिस्कोच्या स्विचवर दुरून असं काही बदलण्याआधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करून 'रीलोड इन १०', म्हणजे १० मिनिटांनी रीस्टार्ट हो, अशी कमांड देतो. संपर्क तुटलाच तर १० मिनिटांनी स्विच सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनवर परत उठतो. बदल जमला तर 'रीलोड कॅन्सल' देऊन रीस्टार्ट रद्द, आणि नवा बदल सेव्ह त्यानंतरच.