गडहिंग्लजजवळ पडून असलेली जुनी फियाट बेळगावला आणू काय?

शहापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापूरात राहतो. लहानपणी आमच्या गल्लीत एका डॉक्टरांची क्रीम कलरची फियाट असायची, तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपल्या दारात एक पद्मिनी, म्हणजे तीच जुनी फियाट, पाहिजेच. रोजच्या कामाला घरात वॅगनार आहे, ही फक्त रविवारी आईबाबांना घेऊन खानापूर, जमलं तर आंबोली. आता गडहिंग्लजजवळच्या एका गावात एक मिळूलीय. नंबर महाराष्ट्राचा जुना तीन अक्षरी, मालक म्हणतोय ७२ ची पद्मिनी आहे, आरसी कधीच संपलीय, गाडी गोठ्याला लागून शेडमध्ये ताडपत्रीखाली, चारी टायर बसलेत पण पेंट एकदम चकाचक, मागच्याच दिवाळीला मारलाय म्हणे. ९० हजार सांगूलाय. माझं बजेट गाडी धरून अडीच लाख, त्याच्यावर गेलं तर बायको गाडीसकट मला शेडमध्ये ठेवेल. एक मित्र म्हणतोय मारुतीचं इंजिन आणि एसी टाक, कटकट संपली. काय करू?

लेथवाला_उद्यमबाग
भावा इंजिनाचं टेन्शन घेऊ नको. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडर इंजिन आहे ते, बोअरिंग म्हण, क्रँक ग्राइंडिंग म्हण, आपल्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपात सगळं होतंय, बेळगावात राहून इंजिनाला घाबरायचं म्हणजे कमालच. घाबरायचं ते पत्र्याला. जीपला खाली वेगळी चासी असते, बॉडी सडली तर बदलता येते, पद्मिनीला तसं नाही, बॉडी हीच चासी. दाराखालची सिल पट्टी, पायाखालचा फ्लोअर, डिकीत स्टेपनीखालचा भाग आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथं बॉडीला बसतात ती जागा, इथं गंज शिरला असेल तर वरनं कितीबी रंग मार, गाडी आतनं गेलेली. आणि बंद पडलेल्या गाडीला कोण विनाकारण पेंट मारतंय सांग बघू? मला तरी तिथंच वास येतोय. जाताना लोहचुंबक घेऊन जा, पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरनं फिरव, जिथं पकडत नाही तिथं खाली पुट्टीचा थर आहे. मॅट उचलून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघ, टणटण वाजलं तर ठीक, भदभद वाजलं की नमस्कार करून परत ये. आपल्याकडच्या पावसात शेडमधली गाडीसुद्धा खालनं सडते.

निपाणीकर_काका
पत्र्याच्या आधी कागद बघा हो. पहिली गोष्ट, ७२ ची पद्मिनी हे गणितच बसत नाही. पद्मिनी हे नाव १९७४ पासून, त्याच्या आधी प्रेसिडेंट आणि त्याच्याही आधी फियाट ११०० डिलाइट. म्हणजे एक तर साल चुकीचं नाहीतर बॅज नंतर कुणीतरी लावलेला. मालक खोटं बोलतोय असं नाही, लोक सरसकट पद्मिनीच म्हणतात, पण आरसीवर काय लिहिलंय ते वाचा आणि चासी नंबर, इंजिन नंबर स्वतः कपड्यानं पुसून जुळवून बघा.
दुसरं, संपलेली आरसी मालकालाच महाराष्ट्रात रिन्यू करून द्यायला सांगा आणि मगच पैसे द्या. २०२२ पासून उशिराला कारसाठी महिन्याला ५०० रुपये जादा आहेत, तो भुर्दंड तुमच्या गळ्यात नको. मग तिकडनं एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, फॉर्म २८ वर. मग इकडं कर्नाटकाचा लाइफ टॅक्स भरून बेळगावचा केए-२२ नंबर. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो. आपण बॉर्डरवरची माणसं, सकाळी कोल्हापूर संध्याकाळी बेळगाव, एमएच पाटीवर चालतंय की म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका.

कॅम्पातला_बॉबी
काका, पन्नास वर्षांवरची असेल तर व्हिंटेज नंबर मिळतो ना? तो घेतला की विषय संपला.

निपाणीकर_काका
मिळतो. २०२१ चा नियम आहे, नंबरात व्हीए अक्षरं येतात, २० हजार फी आणि दहा वर्षं मुदत. पण ती गाडी रोज फिरवायला नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं एवढंच. ह्याला आईबाबांना घेऊन आंबोलीला जायचंय. साधं रिन्यूअलच बरं.

कॅम्पातला_बॉबी
बरं मग मारुती इंजिन तरी टाकू दे की, उन्हाळ्यात एसीशिवाय कोण बसणार त्यात?

लेथवाला_उद्यमबाग
बॉबी तू वॅगनारच घे बाबा. अरे मारुतीचं इंजिन पुढच्या चाकांना ओढणारं, फियाट मागच्या चाकावर चालणारी, ओम्नीचं घेतलंस तरी माउंटिंग, गिअरबॉक्स, शाफ्ट सगळं नव्यानं करत बसायचं. वर आरटीओची आधी परवानगी, आरसीवर चढवणं, आणि पुढं कधी व्हिंटेजला द्यायची म्हटलं तर इंजिन बदललेली गाडी चालत नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि पुढची सलग सीट, ह्याच्यासाठीच तर फियाट घ्यायची, ते काढून काय उरतंय?

शहापूरचा_पोरगा
मारुतीचा विषय बंद. काका, लेथवाले दादा, दोघांचे आभार. मालकाशी आत्ताच बोललो, आरसीवर फक्त फियाट लिहिलंय म्हणे, रिन्यू करून देतो पण एक लाख सांगूलाय आता. शनिवारी जाऊन बघतो. सुरू करून बघू काय तिथंच?

लेथवाला_उद्यमबाग
सुरू करायच्या भानगडीत अजिबात पडू नको. टाकीतलं पेट्रोल चिकट झालेलं असणार, ते कार्बोरेटरात गेलं की काम वाढलं. टायरमध्ये हवा भर, टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी हळू ढकला, इंजिन फिरलं म्हणजे जाम नाही, एवढं कळलं तरी बस्स. जोर लावू नका. ब्रेक चारीला ड्रम आहेत, व्हील सिलिंडर अडकलेले असतील, तो खर्च धरून चल. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे, आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. पार्टसाठी कुर्ल्याला सीएसटी रोडला ओळख काढ, मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या २०२३ ला बंद झाल्या, त्यांचा माल अजून फिरतोय. भाव लाखावर जायला लागला तर पत्र्यावरनं खाली आण. आणि हो, ताडपत्री ओढायच्या आधी काठीनं दोनचार वेळा आपट, गोठ्याशेजारी हाय म्हणतोयस.