रंगांचा क्रम आणि जोड्यांचा पीळ

नेटवर्कच्या (लॅन) केबलला कनेक्टर बसवताना दोन्ही टोकांना तारांचा क्रम सारखा ठेवला की पुरे, मग तो कोणताही असो, असा सल्ला दिला जातो. ते मला धोक्याचे वाटते.

केबलमधील आठ तारा चार पिळलेल्या जोड्यांत असतात. जोडीतील दोन तारांतून परस्परविरुद्ध संकेत जातात, त्यामुळे बाहेरचा विद्युत व्यत्यय दोन्हींवर जवळजवळ सारखाच येतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होतो. कनेक्टरमध्ये १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ या जोड्या ठरलेल्या आहेत. नारिंगी, हिरवी, निळी अशा जोड्या सरळ एकापुढे एक लावल्या, तर ३ आणि ६ या जागी दोन वेगळ्या जोड्यांतील तारा येतात. साध्या टेस्टरचे आठही दिवे तरीही क्रमाने लागतात, कारण तो केवळ तार अखंड आहे का एवढेच पाहतो. मात्र लांब केबलवर वेग घसरतो किंवा जोडणी तुटत राहते.

म्हणून कनेक्टरची खिट्टी खाली आणि तारा आत घालण्याचे तोंड आपल्याकडे धरून डावीकडून टी-५६८-बी हाच प्रमाणित रंगक्रम घ्यावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये आणि बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत दाबले जाईल, हे पाहावे.

केबलवरूनच वीज घेणारा कॅमेरा जोडायचा असेल, तर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळाली तरी कृपया घेऊ नये; तिचा रोध अधिक असल्याने ती जास्त तापते.